जयवंती शहरात येणार

२ डिसेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. कारण आजपासून मी शहरात राहतो. साखरशेतला रोजनिशी लिहिण्यासारखं काही घडत नाही. मोखाड्यात सहा वर्षं खोली करून राहिलो, तिथंही घडलं नाही. मोखाडा म्हणजे एक आठवडी बाजार आणि बाकी ऑफिसं. शेवटी बदली झाली. जव्हार! नगरपरिषद असलेलं, राजवाडा असलेलं शहर. मुंबईसारखं अवाढव्य नाही, मोखाड्यासारखं एवढंसं नाही. मध्यम शहर. मला मध्यमच सूट होतं.

पॅराडाईज रेसिडेन्सी, दुसरा मजला, फ्लॅट २०१. एकूण नऊ फ्लॅट. लिफ्ट नाही, पण लिफ्टची जागा आहे. मालक हेमराजशेठ यांनी सध्या तिथं सिमेंटची पोती ठेवलीत.

ऑफिसात शेजारच्या टेबलावर सुदर्शन बसतो. म्हणाला, तुळशीभाऊ, साखरशेत इथून जीपने अर्ध्या तासावर. स्वतःचं घर सोडून भाड्याने कशाला राहतोस? मी नुसता हसलो. लाइफस्टाइल जीपने ये-जा करून येत नाही.

संकल्प एकच. बायको जयवंती आणि मुलगी रोशनी, दोघींना इथं आणायचं. रोशनी चौथीत आहे, जूनमध्ये पाचवी इथं. जयवंतीला फोन केला. ती म्हणाली, भात झोडायचा राहिलाय, झोडून झाला की बघू. म्हणजे येणार.

३ डिसेंबर, मंगळवार, सकाळी

शेजाऱ्यांची ओळख करून घ्यायला निघालो. आठही दारांना कुलूप. शहरी माणसं कामावर लवकर निघतात. आमच्या गावात उन्हं वर आली तरी चर्चा चालू असते.

संध्याकाळी

अजून कुलूपच. ओव्हरटाइम असणार.

५ डिसेंबर, गुरुवार

नळाला लाल पाणी. हेमराजशेठना फोन केला. ते म्हणाले, पाणी? तुम्ही पाणी वापरता? मी म्हटलं, अंघोळीला लागतं. तेव्हा म्हणाले, टाकी एकदा धुवून घेऊ, तिचा कधी विचारच केला नव्हता. चांगला माणूस आहे. भाडेकरूच्या एका तक्रारीत टाकी धुतो. मोखाड्यातला मालक हंडा दाखवायचा आणि विहीर दाखवायचा.

८ डिसेंबर, रविवार

शहरी माणूस रविवार शहरात घालवतो. गावाला गेलो नाही. सकाळी हनुमान पॉइंटला मॉर्निंग वॉक. वॉकला मी एकटाच होतो, त्यामुळे वॉक शांततेत झाला. खाली दरी. साखरशेत कुठल्या अंगाला असेल ते उगाच बघितलं. धूर दिसला. कोणाचाही असेल. थंडीत डोळ्यांतून पाणी येतं माझ्या.

दुपारी भूक लागली. मोबाइलवरून जेवण मागवायचं ॲप घेतलं. त्याच्यावर आलं, आम्ही लवकरच तुमच्या शहरात येत आहोत. शहरात! स्क्रीनशॉट काढून जयवंतीला पाठवला. खाली लिहिलं, बघ, कंपनीसुद्धा शहर म्हणते. ती म्हणाली, मग जेवलात काय? फरसाण खाल्लं होतं. सांगितलं नाही.

१५ डिसेंबर, रविवार

बिल्डिंगचा व्हॉट्सॲप ग्रुप केला. नाव ‘पॅराडाईज परिवार’. नंबर हेमराजशेठकडून घेतले. पहिला मेसेज टाकला: सुप्रभात, मी तुळशीदास, २०१, आपण सर्व एक कुटुंब आहोत. तिघं लगेच बाहेर पडले. एकाने विचारलं, कोण वारलं का? एकाने हात जोडल्याचं चित्र टाकलं. एकूण प्रतिसाद बरा.

२०३ चा नंबर ओळखीचा वाटला. बघतो तर सुदर्शन!

१६ डिसेंबर, सोमवार

सुदर्शनला विचारलं, अरे, तू माझा शेजारी आणि सांगितलं नाहीस? त्याने खुर्ची जवळ ओढली आणि हळू आवाजात सांगू लागला. म्हणे, तुळशीभाऊ, आपल्याला मुख्यालयी राहायचा नियम आहे ना? म्हणून पत्ता लागतो. आम्ही सगळे अप-डाऊन करतो. कोणी नाशिकहून, कोणी पालघरहून, कोणी ठाण्याहून. त्या बिल्डिंगमध्ये कोणी राहत नाही राव. ती राहायची बिल्डिंगच नाही, ती पत्त्याची बिल्डिंग आहे. मी तर २०३ आतून बघितलेलासुद्धा नाही.

सुदर्शनला अतिशयोक्तीची सवय आहे. स्वतः राहत नाही म्हणून कोणीच राहत नाही असं कसं? २०२ च्या दाराला ताजं तोरण आहे. म्हणजे प्लॅस्टिकचं आहे, पण ताजं दिसतं.

१ जानेवारी, बुधवार

नवीन वर्ष. भात झोडून झाल्याचं कळलं. मी म्हटलं, मग? जयवंती म्हणाली, आता पेंढा रचायचाय, आणि रोशनीची शाळा मधेच कशी सोडवायची, होळी झाली की बघू. होळी म्हणजे जवळच आली.

तिने विचारलं, शेजारी कोण असतं तुमच्या? मी म्हटलं, शेजारी मॅडम आहेत, फार शांत. खालच्या मजल्यावर मोठं कुटुंब, घरात रोशनीएवढी मुलगी. हा अंदाज आहे. पण नऊ फ्लॅटच्या बिल्डिंगमध्ये मुलगी नसेल असं होतच नाही.

५ जानेवारी, रविवार

सोसायटीची पहिली सभा. नोटीस जिन्याच्या भिंतीला चिकटवली होती. सभेला धोंडीबाई आल्या. त्या आठवड्यातून एकदा जिना झाडतात. आल्या म्हणजे झाडत होत्याच. मी अध्यक्षपदासाठी माझं नाव सुचवलं. विरोध झाला नाही.

धोंडीबाई म्हणाल्या, साहेब, एकटं भ्या नाय वाटत? मी म्हटलं, एकटं कुठं, शहर आहे. त्या म्हणाल्या, बरं, मंग पाय वर घ्या, झाडायचंय.

२६ जानेवारी, रविवार

सोसायटीतर्फे झेंडावंदन. गच्चीवर. उपस्थित: मी. राष्ट्रगीताला बावन्न सेकंद लागतात, मला जास्त लागले, कारण मध्ये आवाज बसला. खाली रस्त्यावरून शाळेची पोरं प्रभातफेरीला चालली होती. त्यांतल्या एकाने वर बघून हात केला. मीही केला.

९ फेब्रुवारी, रविवार

मोठा डिसिजन. जयवंती होळीनंतर येणार म्हणजे येणारच, मग कागद आधीच तयार का असू नयेत? शहरी माणूस प्लॅनिंग करतो. रेशन कार्डावर दोघींची नावं गावातून काढून इथं लावायची. आधारवरचा पत्ताही बदलायचा. मी स्वतः सरकारी ऑफिसातला, मला कितीसा वेळ लागणार.

संध्याकाळी जयवंतीला फोन केला. म्हटलं, तुझ्या मोबाइलवर एक ओटीपी येईल, तो सांग. तिने सांगितला. विचारलं, कशाचा हाय? मी म्हटलं, सरप्राइज. ती म्हणाली, मागच्या सरप्राइजला तुम्ही मिक्सर आणला होता, आन् घरात लाइट नव्हती.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

बायको व मुलगी माझ्यासोबत पॅराडाईज रेसिडेन्सीत कायम वास्तव्यास आहेत असं लिहून दिलं. मालकाची सही लागते. हेमराजशेठ सही करताना म्हणाले, आतापर्यंत एवढ्या सह्या केल्या, पण त्यात खरंच राहणारा पहिला माणूस तुम्ही. मी म्हटलं, आता दोघी आणखी येतायत. ते म्हणाले, अरे बापरे, पाणी पुरेल ना?

आता आम्ही शहराचे. जयवंतीला अजून सांगितलं नाही. आली की कार्ड हातात ठेवेन. तोंड बघण्यासारखं होईल.

१४ मार्च, शुक्रवार

होळीला साखरशेतला गेलो. सगळं गाव जागं, ढोल, पापड्या. मला जुन्या लोकांनी विचारलं, शहरात असते का होळी? मी म्हटलं, सोसायटीची असते, मोठी.

रोशनी मागेच लागली. बाबा, खालच्या मजल्यावरच्या मुलीचं नाव काय? मी म्हटलं, रुपी. तिला सागरगोटे खेळता येतात? मी म्हटलं, येतात. कितवीत आहे? चौथीत. मला भेटायला तिला आवडेल? आता मुलीला नाही कसं म्हणायचं. तोंडाला आलं ते सांगत गेलो. कुठल्या तरी शहरात कुठली तरी रुपी असेलच.

जयवंती भाकऱ्या थापत ऐकत होती. म्हणाली, राब भाजून झाला की बघू. राब म्हणजे पालापाचोळा टाकून जमीन भाजायची, त्यात पुढे रोपं टाकायची. मी म्हटलं, रोपं टाकल्यावर लावायला कोण येणार, तू तर शहरात असशील. तिने भाकरी उलटली.

६ एप्रिल, रविवार

जयवंतीचा फोन. हे एक नवीनच. गावातली अंगणवाडी सेविका रिटायर होते आहे, जागा निघणार आहे, हिला अर्ज करायचाय. बारावी पास आहे ती. मार्क माझ्यापेक्षा चांगले आहेत. हा विषय मी सहसा काढत नाही.

म्हणाली, रोशनीचे बाबा, मला हे पाहिजेच. लग्नाच्या आधीपासून मनात हाय. पोरं मला ओळखतात, आया मला ओळखतात. कुठलं मूल खातं, कुठलं उलटी करतं, मला ठाऊक हाय. इतकं सलग ती कधी बोलत नाही. मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, बघू नाय, अर्ज भरायचाय.

टाइमपास म्हणून ठीक आहे. होणार तर नाही. नाही झालं तर एका अर्थी बरंच, शहरात यायला मोकळी. हे उगाच लिहिलं. तिचं झालं तर आनंदच आहे.

४ मे, रविवार

जयवंतीने अर्जासाठी रेशन कार्ड मागितलं. मी म्हटलं, जुनं रद्द झालं, नवीन माझ्याकडे आहे. ती म्हणाली, नवीन कसलं? आता सरप्राइज फोडावं लागलं. सांगितलं, तू आणि रोशनी फेब्रुवारीपासून जव्हार शहराच्या रहिवासी आहात! मला वाटलं रेंज गेली. मग ती म्हणाली, पण मी तर हितं बसलीय.

मी समजावलं. म्हटलं, वेडे, उलट चांगलं झालं. शहराचा पत्ता बघितला की वजन पडतं. सगळ्या बायका खेड्यातल्या आणि तू एकटी शहरातली, तुलाच घेतील. ती म्हणाली, खरं सांगताय? तुम्हाला नियम ठाऊक हायेत? मी म्हटलं, मी रोज ऑफिसात बसतो, मला नियम वाचायची गरज पडत नाही.

५ मे, सोमवार

अर्ज मीच ऑनलाइन भरून टाकला. पत्त्याच्या रकान्यात पॅराडाईज रेसिडेन्सी, जव्हार. बघायला फार छान दिसतं.

१८ मे, रविवार

राब भाजून झाला. फोन करून म्हटलं, मग? ती म्हणाली, यादी लागू दे. हल्ली प्रत्येक वाक्यात यादी. स्वयंपाक करताना पोरांची गाणी म्हणते असं रोशनीने सांगितलं. शेजारच्या बायकांना म्हणे आतापासूनच सांगून ठेवलंय, तुमची लेकरं माझ्याकडे पाठवायची, नागलीची पेज मी स्वतः करणार.

इथं शहरात तीन दिवस लाइट नाही. ग्रुपवर विचारलं, सर्वांकडे गेली आहे का? उत्तर आलं नाही. म्हणजे सर्वांकडे गेली असणार.

९ जून, सोमवार

यादी लागली.

जयवंती मार्कांनी पहिली. त्या ओळीवर काट आहे. समोर शेरा: स्थानिक रहिवासी नाही. यादीत तिच्या खालची चंदा निवडली गेली. चंदा आमच्याच गावची, जयवंतीपेक्षा बरेच मार्क कमी. अंगणवाडीला त्याच गावात राहणारीच बाई लागते म्हणे. असा नियम असेल तर तो ठळक अक्षरात लिहायला नको? मी सुदर्शनला विचारलं, तुला ठाऊक होतं? तो म्हणाला, तुळशीभाऊ, शेंबड्या पोराला ठाऊक आहे.

जयवंतीचा फोन आला नाही. मीही केला नाही. तिला शांत व्हायला वेळ द्यावा. शहरात ह्याला स्पेस म्हणतात.

१० जून, मंगळवार

फोन आला. म्हणाली, हरकत घ्यायला आठवडाभर मुदत हाय. तुम्ही लिहून द्या, की मी कधीच तिकडं राहिले नाय, तुम्ही चुकून लिहिलं. एवढं करा.

मी म्हटलं, विचार करून सांगतो.

सुदर्शनला विचारलं. तो म्हणाला, खोटं लिहून दिलं होतं असं आता लिहून देशील, तर नोकरीवर येईल बाबा. चौकशी लागेल. आणि एकदा चौकशी त्या बिल्डिंगमध्ये शिरली तर आम्ही सगळेच उघडे. असलं काही करू नकोस. जोर देऊन म्हणाला. खालच्या मजल्यावरच्या दोघांचे फोनही आले. ग्रुप केल्यापासून पहिल्यांदाच शेजारी माझ्याशी बोलले. दोघंही फार अदबीने बोलले, दादा दादा करून.

सोसायटीचा अध्यक्ष म्हणून माझी काही जबाबदारी आहे.

११ जून, बुधवार

जयवंतीला सांगितलं, लिहून देता येणार नाही, टेक्निकल अडचण आहे. आणि म्हटलं, आता तिथं अडकून राहायचं कारणही संपलं. सोमवारपासून शाळा सुरू होतेय. रोशनीला घे आणि ये. सगळं चांगल्यासाठीच होतं.

ती म्हणाली, सोमवारी येते.

येते! स्वतः म्हणाली! फरशी पुसून काढली. पडदा घेतला. जिन्यात अगरबत्ती लावली.

१६ जून, सोमवार

जे घडलं ते लिहितो. तटस्थपणे लिहितो.

सकाळी दोघी आल्या. सामान नव्हतं. मी म्हटलं, बाकीचं सामान मागून येणार का? जयवंती म्हणाली, मी अंगणवाडीच्या साहेबांकडे चाललेय, आज मुदत संपते. ती एकटी जाऊन आली. मला ऑफिस होतं. म्हणजे रजा टाकली होती, पण त्या साहेबांसमोर मी जाणं योग्य दिसलं नसतं.

आल्यावर सांगितलं. साहेब बरा होता म्हणाली, पाणी दिलं. म्हणाला, बाई, कागदावर तुम्ही जव्हारला राहता, तुमच्या नवऱ्यानेच लिहून दिलंय. तुम्ही राहत नाही असं म्हणता, तर त्या बिल्डिंगमधल्या दोन शेजाऱ्यांची सही आणा, की ही बाई इथं राहत नाही. संध्याकाळपर्यंत आणा, मी थांबतो.

मी काही बोलायच्या आत ती उठली. २०२ ची बेल वाजवली. लाइट होती तरी बेल वाजली नाही. मग दार ठोठावलं. मी म्हटलं, मॅडम ड्युटीवर असतील. तिने २०३ ठोठावलं. मग खाली गेली. पहिल्या मजल्यावरची तिन्ही दारं. मग तळमजल्याचीही तिन्ही. जोरात ठोठावत होती, हाताच्या मुठीने. कुलपं हलायची तेवढाच आवाज. रोशनी हातात सागरगोटे घेऊन तिच्या मागे मागे. जिन्यातून हाक मारत होती, रुपीऽ, ए रुपीऽ. मी वर उभा होतो. खाली जायला पाहिजे होतं. गेलो नाही.

सुदर्शनला फोन लावला. म्हटलं, तू २०३, तू एक सही दे. तो म्हणाला, मी कशी देऊ राव? उद्या विचारतील, तुला कसं ठाऊक तिथं कोण राहतं आणि कोण नाही. मला तरी कुठं ठाऊक आहे?

रविवारी जिना झाडायचा राहिला होता, म्हणून धोंडीबाई आज आल्या. जयवंतीने त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, देते ना बाय, अंगठा देते, ही पोर मी आज पहिल्यांदा बघत्येय. जयवंती त्यांना घेऊन धावत गेली. साहेब म्हणाला म्हणे, बाईंचं खरं असेल, पण शेजारी पाहिजे, ह्या बिल्डिंगच्या रहिवासी नाहीत.

संध्याकाळ झाली. जयवंती माझ्या नव्या पडद्याजवळ उभी होती. म्हणाली, मी हितं राहत नाय एवढं सांगायलासुद्धा तुमच्या शहरात माणूस नाय.

मला राग आला. म्हटलं, शहराला का नावं ठेवतेस? ती रोशनीला म्हणाली, चल गं. रोशनीने विचारलं, बाबा, रुपी कधी येते घरी? मी म्हटलं, तिची बदली झाली.

शेवटच्या जीपने गेल्या. चहा करणार होतो तो राहिलाच.

१७ जून, मंगळवार

ऑफिसात सुदर्शनने पेढे दिले. पुतण्याचा दहावीचा निकाल. मला जरा जास्तच दिले.

२९ जून, रविवार

फोन उचलत नाही. पाऊस, रेंज नसेल. चंदाने अंगणवाडी सुरू केली असं गावच्या एकाने सांगितलं. पेज करपली म्हणे पहिल्या दिवशी. मुलं जयवंतीच्या दारात जाऊन बसली होती, तिने उठवून परत पाठवली.

सोसायटीची सभा होती. मला बरं नव्हतं म्हणून गेलो नाही. सभा जिन्यात असते.

६ जुलै, रविवार

ताप. दोन दिवस पडून. ग्रुपवर टाकलं, २०१ मध्ये ताप आहे, कोणाकडे गोळी आहे का? वाचल्याच्या निळ्या खुणा झाल्या. उरलेल्या पाच जणांपैकी दोघांनी ‘गेट वेल सून’ पाठवलं. एक नाशिकहून, एक ठाण्याहून. धोंडीबाईंनी दार ढकललं, बघितलं, पेज करून ठेवली. म्हणाल्या, साहेब, घरला जा, माणसांत जा.

पडल्या पडल्या नवीन धोरण ठरवलं. शहराचा अनुभव पुरेसा झाला. फ्लॅट पत्त्यापुरता ठेवायचा आणि साखरशेतहून अप-डाऊन करायचं. सगळे करतात. जयवंतीला फार आनंद होईल. इतके महिने तिची हीच इच्छा होती, मला आता लक्षात आलं. रविवारी जाऊन तिला समोरासमोर सांगायचं. रेशन कार्डाचंही बघू पुढे-मागे, वर्ष-दोन वर्षांत.

१३ जुलै, रविवार

साखरशेतला गेलो. आवणी चालू, सगळं गाव शेतात भातरोपं लावतंय. घराला नुसती कडी. पडवीत बसलो. बऱ्याच वेळाने जयवंती वर आली, गुडघ्यापर्यंत चिखल. मला बघून थांबली. पाय धुतले, आत गेली, प्लॅस्टिकची खुर्ची आणून ठेवली. मी कधी त्या खुर्चीवर बसत नाही, ग्रामसेवक आले की काढतो ती. म्हणाली, बसा.

चहा आणला. कपबशीतून. आमच्याकडे घरच्यांना पितळी पेल्यातून देतात.

मी धोरण सांगितलं. एक तारखेपासून इथंच राहायला येतो, इथूनच अप-डाऊन करेन. ती ऐकत होती. म्हणाली, जमेल तुम्हाला? आता सवय नसेल. मी म्हटलं, अगं, माझंच घर आहे. तिने माझा कप उचलला, धुतला, फळीवर वरच्या अंगाला ठेवला.

रोशनी पाचवीत इथल्याच शाळेत गेलीय. तिला म्हटलं, ये इकडे. ती आईच्या मागे उभी राहून म्हणाली, बाबा, तुम्ही राहणार की जाणार?

जयवंती म्हणाली, मला निघायला पाहिजे. काल चंदा आपल्याकडे लावायला आली होती, आज मला तिच्याकडे जायचंय. नाय गेले तर बरं नाय दिसायचं. मग पदर खोचता खोचता विचारलं, शेवटची जीप केव्हाची हाय तुमची?

मी म्हटलं, पावणेसहाची.

ती म्हणाली, मग निघा. पावसात कधी कधी आधीच सुटते.

फाट्यावर आलो. जीपमध्ये पुढची सीट मिळाली. ड्रायव्हर नवीन पोरगा, मला ओळखत नव्हता. विचारलं, काका, साखरशेतला कोणाकडे आला होता?

म्हटलं, जयवंतीकडे.